अर्धवट राहिलेली जुनी गाडी विकायची आहे? भंगारवाल्याला फोन करण्याआधी हे वाचा

विदर्भातल्या खेड्यांत फिरलं की अशा गाड्या दिसतातच. बैलांच्या कोठ्यात खोललेली फियाट, जिनिंगच्या गोडाऊनमागे बॉडी उतरवलेली महिंद्राची जीप, संत्र्याच्या बगीच्यातल्या टिनाच्या शेडखाली रंग घासून पत्रा उघडा केलेली ॲम्बेसेडर. कुणीतरी हौसेनं काम काढलेलं असतं. मग मिस्त्री गाव सोडून जातो, दोन वर्षं कापूस हात देत नाही, पोरगं पुण्याला नोकरीला लागतं आणि गाडी जिथल्या तिथे राहते. शेवटी एक दिवस घरचे म्हणतात, "जागा अडून राहिली जी, काढून टाका आता."

काढायला हरकत नाही. पण ती किलोवर जाऊ नये. अशी गाडी पूर्ण करणारा माणूस नागपूर, पुणे, हैदराबाद असा कुठेतरी असतो आणि त्याला आपल्यापर्यंत पोचवता येतं. तो पैसे देतो ते कागदांचे आणि पुरेपणाचे. गाडी ओळखता आली पाहिजे आणि तिचं सामान तिच्यासोबत असलं पाहिजे. विकण्याआधीची सगळी मेहनत याच दोन गोष्टींवर करायची आहे.

आधी कागद, मग गाडी

पाना हातात घेण्याआधी घरातली लोखंडी पेटी उघडा. आरसी बुक, जुना विमा, टॅक्सच्या पावत्या, गाडी घेतली तेव्हाचं पत्र, जे सापडेल ते एका फाईलीत लावा. १९८९ च्या आधीच्या गाड्यांना तीन इंग्रजी अक्षरांचे नंबर असत. एमएच-२७ म्हणजे अमरावती, एमएच-२९ म्हणजे यवतमाळ, ही पद्धत नंतरची. जुन्या नंबरच्या बऱ्याच गाड्या संगणकातल्या 'वाहन' प्रणालीत चढलेल्याच नसतात. गाडी ऑनलाइन दिसत नाही म्हणून घाबरू नका. मूळ आरसी बुक घेऊन आरटीओत जा आणि बॅकलॉग एन्ट्रीसाठी अर्ज करा. ती झाली की गाडीची किंमत एकदम बदलते, कारण घेणाऱ्याची सगळ्यात मोठी भीती तिथेच संपते.

आरसी बुक हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मागता येते. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. काका, आत्या, बहिणी सगळ्यांशी आधीच बोलून घ्या. सौदा ठरल्यावर एखाद्या आत्याबाईंनी "मला कुणी विचारलंच नाही" म्हटलं, तर घेणारा थांबत नाही, निघून जातो. कधीकाळी बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज असेल तर त्याचा बोजा आरसीवरून उतरला आहे का, हेही बघा. नसेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. खोललेली गाडी तपासणीला नेता येत नाही, त्यामुळे तुमच्या गाडीची मुदत बहुधा कधीच संपलेली असेल. ते लपवायचं नाही. "मूळ आरसी बुक आहे, नोंदणीची मुदत अमुक वर्षी संपली" असं स्पष्ट लिहायचं. नूतनीकरणाचा आणि उशिराच्या दंडाचा खर्च घेणारा आपल्या हिशेबात धरतोच. मागाहून कळलं तर तो भावही पाडतो आणि बाकीच्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो.

आता नंबर. फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरची) पाटी, चेसिसवर ठोकलेला नंबर आणि इंजिनवरचा नंबर हे तिन्ही वायर ब्रशने हलकेच साफ करा. ग्राइंडर अजिबात लावू नका, ठोकलेले आकडे घासले गेले तर गाडीची ओळखच जाते. मग कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या, आरटीओत लागतो तसा, आणि आरसीशी ताडून बघा. आपल्याकडे इंजिनचा नंबर पुष्कळदा जुळत नाही. डिझेल स्वस्त होतं त्या काळात कितीतरी पेट्रोल ॲम्बेसेडरांत आणि जिपांत मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं गेलं आणि त्याची नोंद आरसीवर झालीच नाही. तसं असेल तर सांगून टाका. आणि मूळ पेट्रोल इंजिन शेडच्या कोपऱ्यात जाम होऊन पडलेलं असेल तर त्याला सोन्यासारखं सांभाळा. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं, फियाटचं १०८९ सीसीचं, जुन्या जिपेचं हरिकेन, यातलं काहीही असो, मेलेलं का असेना, मूळ इंजिन सोबत असलं की गाडीचा भाव वेगळा.

त्याचं कारण नियमातही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार, नोंदणी १० वर्षांची, नूतनीकरण ५ हजार. अशी गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. हौशी माणसाला तेवढं पुरतं. म्हणून १९६८ ची डिलाइट आणि १९८५ ची पद्मिनी या दोन फियाटींचे गिऱ्हाईक वेगळे असतात. तुमची गाडी ५० च्या पलीकडची असेल तर जाहिरातीच्या पहिल्या ओळीत वर्ष लिहा.

एक इशारा. "गाडी ठेवा तुमच्याकडेच, फक्त आरसी बुक आणि चेसिसची पाटी द्या" असं म्हणणारे लोक येतात आणि पैसेही चांगले सांगतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. ते कागद चोरीच्या गाडीवर चढतात आणि पोलीस तुमच्या घरी येतात.

सामान गोळा करणं

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. खोललेल्या गाडीचं सामान एका जागी कधीच नसतं. इंजिनचा ब्लॉक अमरावतीच्या लेथवाल्याकडे बोअरला (सिलिंडर आतून घासायला) दिलेला, बंपर क्रोमवाल्याकडे, सीटा कुशनवाल्याकडे, काचा माळ्यावर, आणि दोन चाकं कुणीतरी बंडीला (बैलगाडीला) लावायची म्हणून नेलेली. हे सगळं जाहिरात देण्याआधी घरी आणा. मिस्त्रीची किंवा लेथवाल्याची मजुरी थकली असेल तर ती द्या. "तो भाग मिस्त्रीकडे आहे, आणून देऊ" या वाक्यावर कुणी पैसे देत नाही, आणि द्यावेत तरी का?

शेडमध्ये हात घालण्याआधी काठीने आवाज करा, जाड हातमोजे आणि बूट घाला. बोनेटखाली, सीटच्या स्प्रिंगांत, पोत्यांखाली साप-विंचू असतातच. गाडीभोवती पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) रचलेली असेल तर आधी ती हलवा. पऱ्हाटीत उंदीर राहतात, उंदीर वायरिंग खातात, आणि ठिणगी पडली तर सगळंच गेलं.

मग ताडपत्री अंथरून सामान प्रकाराप्रमाणे लावा. इंजिनचं एका बाजूला, ब्रेक आणि सस्पेन्शनचं दुसरीकडे, दरवाजे आणि काचा वेगळ्या, लाइट-मीटर-वायरिंग वेगळं. नट-बोल्ट प्लास्टिकच्या डब्यांत भरून प्रत्येक डब्यावर कुठले ते लिहा. चिठ्ठी आत टाका आणि बाहेरही चिकटवा, कारण आपल्या उन्हात टेप सुटतो. काचा जुन्या गोधडीत गुंडाळून उभ्या ठेवा. लोखंडी भागांना तेलाचा हात फिरवा. शेवटी एक वही करा: काय आहे, काय नाही, काय आहे पण तुटलेलं. 'काय नाही'चं पान सगळ्यात नीट लिहा, घेणारा तेच आधी वाचेल.

कुठल्या भागाला किंमत आहे हे नव्या माणसाला कळत नाही. इंजिनचे रिंग-पिस्टन महाग वाटतात आणि हेडलाइटची क्रोमची कडी भंगार वाटते. खरं उलट आहे. पद्मिनी २००० च्या आसपासपर्यंत कुर्ल्यात बनत होती, ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत उत्तरपाड्यात. त्यामुळे त्यांचे यांत्रिक भाग आजही मिळतात. मिळत नाहीत ते जुन्या मॉडेलचे दिखाऊ भाग: जाळी, नावाचे बिल्ले, दरवाजाची हँडलं, मीटर, स्टीअरिंगवरचं हॉर्नचं बटन, मागच्या लाइटच्या काचा, ओरिजनल व्हीलकॅप. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डच्या बाबतीत तर साधी रबरी पट्टीसुद्धा शोधावी लागते. जिपेचं गणित वेगळं आहे. हरियाणातल्या मंडी डबवालीत जिपेच्या नव्या बॉड्या बनतात, त्यामुळे कुजलेल्या पत्र्याचं फार दुःख नाही. पण मूळ चेसिस, मूळ पाटी आणि मूळ इंजिन मात्र हवंच. लष्कराच्या किंवा सरकारी खात्याच्या लिलावातून आलेली जीप असेल तर लिलावाचं पत्र आणि ताबा मिळाल्याचा कागद शोधून काढा, जुन्या जिपांच्या शौकिनांना तो इतिहास हवा असतो.

एवढं करा, एवढं करू नका

विकायची म्हणून रंग मारू नका. लांबी (पुट्टी) भरून वर चकचकीत रंग मारलेली गाडी जाणकार बघतच नाही, तो खिशातून चुंबक काढतो. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे आत कुजका पत्रा आहे असं तो धरतो आणि बहुतेक वेळा ते खरंच निघतं. गंजलेला फ्लोर उघडा दिसू द्या. पत्रा घासून उघडा पडला असेल आणि पावसाळा तोंडावर असेल तर लाल प्रायमरचा एक हात द्या, एवढंच.

खर्च करायचाच तर चाकांवर करा. चार सेकंडहँड टायर, हवा धरणाऱ्या ट्यूबा, वळणारं स्टीअरिंग आणि मोकळे केलेले ब्रेक ड्रम. ढकलली की पुढे जाते अशी गाडी चार माणसं ट्रकवर चढवतात. जाम झालेल्या गाडीला क्रेन लागते आणि क्रेनचं भाडं घेणारा तुमच्याच भावातून कापतो.

इंजिन गाडीत असेल तर सेल्फ मारून बघायचा मोह आवरा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला जोर दिला तर रिंगा तुटतात, बोअरवर ओरखडे जातात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या. मग पुढच्या क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने सावकाश फिरवा. फिरलं तर त्याचा व्हिडिओ काढा. नाही फिरलं तर "इंजिन जाम" लिहा आणि पुढे चला.

भाव कसा ठरवायचा

आपल्याकडे पहिलं वाक्य हेच येतं: "एवढे तं मी नुसते पत्र्याच्या कामातच लावले, भाऊ!" लावले असतील. पण घेणारा हिशेब पुढून करतो. समजा तशीच, कागद असलेली, चालू गाडी ४ लाखांना जाते. (हा आकडा आणि पुढचे आकडे फक्त रीत समजण्यासाठी.) तुमच्या गाडीला पत्रा आणि रंग दीड लाख, इंजिन ६० हजार, सीटा-रबर-वायरिंग ४० हजार लागणार. म्हणजे अडीच लाख गेले, राहिले दीड. त्यातून वाहतूक, नूतनीकरण, आणि उघडल्यावर काय निघेल कोण जाणे याची भीती. म्हणजे त्याच्या मनात लाख, सव्वा लाख. तुम्ही सव्वाचा भाव सांगून लाखाच्या आसपास थांबलात तर सौदा न्यायाचा झाला.

खालची रेघही माहीत असू द्या. फियाटचं वजन ९०० किलोच्या आसपास, ॲम्बेसेडरचं ११०० च्या आसपास, आणि खोललेल्या गाडीचं त्याहून कमी. भंगाराच्या आजच्या भावाने गुणा. एवढ्यावर आलात तर विकण्यापेक्षा थांबणं बरं. सुटे भाग काढून विकण्याचा सल्ला मिळेल, आणि कागदावर त्यात जास्त पैसे दिसतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. चांगले भाग पहिल्या आठवड्यात जातात, उरलेला सांगाडा तुमच्या गळ्यात पडतो आणि दुरुस्त होऊ शकली असती अशी एक गाडी कायमची संपते. चेसिसच कुजली असेल आणि कागद मिळण्याची कसलीच आशा नसेल, तेव्हाच हा रस्ता. आणि नोंदणी असलेली गाडी भंगारातच द्यायची वेळ आली तर सरकारमान्य वाहन भंगार केंद्रात द्या, तिथलं जमा प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करा.

फोटो, जाहिरात आणि हंगाम

गाडी शेडबाहेर काढून सकाळच्या उन्हात फोटो घ्या. चारही बाजू, खालून चेसिस, फ्लोर, डिकीचा तळ, दरवाजांच्या खालच्या कडा, इंजिन, डॅशबोर्ड, आणि ताडपत्रीवर मांडलेलं सगळं सामान. गंज जिथे आहे तिथला फोटो जवळून. नंबरांचे फोटो काढा, पण जाहिरातीत शेवटचे आकडे झाका. पूर्ण आकडे प्रत्यक्ष येणाऱ्यालाच दाखवा.

मजकूर साधा ठेवा: कंपनी, मॉडेल, वर्ष, कागदांची स्थिती, इंजिनची स्थिती, काय कमी आहे, गाव आणि जवळचं मोठं शहर. "घाटंजी तालुका" म्हटलं तर पुण्याच्या माणसाला कळत नाही, "यवतमाळजवळ, नागपूरहून हैदराबाद हायवेने पांढरकवड्यावरून" म्हटलं की तो नकाशा उघडतो. ऑनलाइन बाजाराशिवाय नागपूर-अमरावतीच्या जुन्या मिस्त्र्यांना आणि स्पेअर पार्टवाल्यांना फोटो पाठवा. खरे गिऱ्हाईक त्यांच्याच ओळखीचे असतात. दलाली मागितली तर किती ते आधी ठरवा.

हंगामाचा विचार आपल्याकडे करावाच लागतो. काळ्या मातीत पावसाळ्यात फ्लॅटबेड ट्रक शेडपर्यंत येऊच शकत नाही, चाकं रुततात. जूनच्या आधी सौदा संपवा, नाहीतर दिवाळीनंतर जमीन कडक झाल्यावर काढा. घाई असेल तर पाऊस पडायच्या आत गाडी डांबरी रस्त्यालगतच्या कुणाच्या तरी अंगणात आणून ठेवा. समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण झाल्यापासून तिकडचे ट्रक सहज येतात. कारंजा, मेहकर, वर्ध्याच्या बाजूची गावं असतील तर जवळचा इंटरचेंज कुठला तेही जाहिरातीत लिहा.

फोनवर भाव पाडणाऱ्यांना "या, बघा, मग बोलू" एवढंच सांगा. लष्करात आहे, बदली झाली, गाडी न बघताच पैसे पाठवतो असं म्हणत क्यूआर कोड पाठवणारे ठग असतात. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही.

सौदा आणि त्यानंतर

बघायला येणाऱ्याला वेळ द्या, चहा द्या, वही त्याच्या हातात द्या आणि त्याला गाडीखाली झोपू द्या. तो विचारेल ते सरळ सांगा. जमलं तर बयाणा घेऊन पावती करा: रक्कम, बाकी, गाडी नेण्याची तारीख, न नेल्यास काय. बाकीचे पैसे बँकेतून घ्या. रोख २ लाख किंवा त्याहून जास्त एका व्यवहारात घेता येत नाहीत. पैसे खात्यात दिसल्याशिवाय ट्रक हलवू द्यायचा नाही.

गाडी देताना फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून सही करा. कोऱ्या फॉर्मवर सही नको. परराज्यात जात असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, साक्षीदारांच्या सह्या असलेलं विक्रीपत्र, त्यात 'आहे त्या स्थितीत, रस्त्यावर चालण्याजोगी नाही' हा शब्दप्रयोग, तारीख आणि वेळ. सामानाच्या वहीची झेरॉक्स करून दोघांच्या सह्या घ्या म्हणजे महिनाभराने "डाव्या दरवाजाची काच नव्हती" असा फोन आला तर उत्तर तयार असतं.

पुढचा भाग बहुतेक जण सोडून देतात. गाडी उभी करून चालू व्हायला नव्या मालकाला वर्ष-दोन वर्षं लागतील आणि तोवर आरटीओच्या नोंदीत नाव तुमचंच राहू शकतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो, गाडी विकली असली तरी. म्हणून विक्रीची सूचना फॉर्म २९ वर तुमच्या आरटीओला तुम्ही स्वतः द्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर मुदत १४ दिवसांची आहे. पोच घ्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती फाईलीत लावा. नंतर अधूनमधून परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघत राहा. नसेल बदललं तर घेणाऱ्याला फोन करा, तरी हलत नसेल तर विक्रीपत्राची प्रत जोडून आरटीओला पुन्हा लेखी कळवा.